पाणी १ लिटर

पसरणीचा घाट चढताना एक वळण असे येते की, तेथे वाईची कौले मागे पडून कृष्णेचे सगळे खोरे एकदम उघडे होते. बहुतेक गाड्या तेथे देखाव्यासाठी थांबतात. आम्ही थांबलो ते बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली म्हणून. मे महिन्याची दुपार होती. गाडीत मी, पत्नी, पुढच्या सीटवर एक्याऐंशी वर्षांचे अण्णा, आणि अण्णांच्या पायांशी, त्या जागेवर वर्षानुवर्षांचा हक्क असल्यासारखा, पाच लिटरचा पाण्याचा डबा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला होता. मी घाईने उतरून बॉनेट उघडले आणि फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच अण्णा आतून ओरडले, "हात लावू नकोस! अर्धा तास गप बस आधी."

त्यांचे बरोबर होते. रेडिएटरचे झाकण हे डब्याच्या झाकणासारखे नसते, ते कुकरच्या शिट्टीच्या जातीचे असते. आमच्या गाडीच्या झाकणावर ०.९ हा आकडा उठवलेला आहे. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ तेवढाच आणखी दाब आत साठेपर्यंत ते वाट सोडत नाही. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पण झाकण उघडले की दाब क्षणात निघून जातो, शंभराच्या वर तापलेल्या पाण्याचा काही भाग तत्काळ वाफ होतो आणि ती वाफ उरलेले उकळते पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर फेकते. आम्ही अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो. नंतर अण्णांनी जाड फडक्याने झाकण थोडे सैल करून वाफ जाऊ दिली, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि डब्यातले पाणी बारीक धारेने आत सोडले, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागावर, थंड पाणी एकदम पडले तर ते वाकू किंवा तडकू शकते. पाचांतले जवळजवळ साडेतीन लिटर पाणी गेले. डबा बंद करताना अण्णा सहज म्हणाले, "घाटात पाणी लागतंच गाडीला." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यात काही चुकीचे असेल अशी शंका मला त्या दिवसापर्यंत आली नव्हती.

गाडी १९९८ची मारुती ८००, एमएच ११, कार्ब्युरेटरची. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन. पंधरा वर्षांची नोंदणी २०१३ साली संपली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी आम्ही तिला पासिंगला नेतो. ती विकावी असे घरात अनेकदा ठरते आणि गिऱ्हाईक आले की अण्णांना काहीतरी काम निघते. त्यामुळे दुरुस्त करणे एवढाच मार्ग उरतो.

दुरुस्तीच्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. मी "गाडी तापते" असे सांगत तीन ठिकाणी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी त्या एका वाक्यावर एक भाग बदलून मिळाला. पहिल्याने रेडिएटरच्या पंख्याची मोटर बदलली आणि पंखा डायरेक्ट केला, म्हणजे चावी फिरवली की तो अखंड फिरत राहील असे जोडून दिले. दुसऱ्याने वॉटर पंप आणि पट्टा बदलला. तिसरा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बदलायला निघाला, तर त्याला ती आत सापडलीच नाही. "कुणीतरी आधीच काढलाय, चांगलं केलंय," असे म्हणून त्याने थर्मोस्टॅटची जागा पुन्हा बंद केली, वरचा होज पाईप नवा घातला आणि पैसे घेतले. फलटणमध्ये फिरताना काटा शहाण्यासारखा खाली राहत असे. खंबाटकीचा चढ लागला की तो पुन्हा उठे. या तिघांना मी दोष देत नाही. माणूस डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढेच सांगून बसला तर डॉक्टर तरी काय करणार? त्यांनी विचारले नाही हे खरे, पण मीही सांगितले नव्हते.

त्यानंतर मी एक वही केली आणि ठरवले की, तिच्यात लिहून झाल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही.

पहिला प्रश्न काट्याचाच होता. जुन्या गाडीत काटा म्हणजे तापमान नव्हे. इंजिनात बसवलेल्या एका लहानशा सेन्सरची विद्युत रोधकता तापमान वाढले की कमी होते, त्या प्रमाणात प्रवाह वाढतो आणि तो काट्याला वर नेतो. वाटेत कोठे अर्थ, म्हणजे बॅटरीकडे प्रवाह परत नेणारी जोडणी, खराब असेल तर काटा खोटे बोलू लागतो. एके रात्री अंगणात गाडी चालू ठेवून मी हेडलाइट लावले आणि काटा दोन रेघा हलला. दिवे बंद केले, परत आला. दिवा लावल्याने पाणी गरम होत नाही. तेव्हा निदान काही अंश खोटे तेथे होते. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या गंजल्या होत्या. त्या काढून, घासून, नवे बोल्ट लावून बसवल्यावर काट्याची ही थरथर बरीचशी गेली. घाटातली वाफ मात्र खोटी नव्हती, म्हणून मला तापमान स्वतः मोजायचे होते. करोनाच्या दिवसांत कपाळ तपासायला आणलेली तापमापक बंदूक घरात होती, ती मी रेडिएटरवर रोखली. पडद्यावर "हाय" एवढेच उमटले. माणसाच्या तापापलीकडचे जग तिला ठाऊकच नव्हते. मग कारखान्यात वापरतात तशी बंदूक विकत आणली. तिचाही एक अवगुण आहे. चकचकीत धातूवर ती फार कमी तापमान दाखवते, म्हणून ॲल्युमिनियमच्या भागांवर मी काळी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर नेम धरला. रेडिएटर मुळातच काळा रंगवलेला असल्याने तेथे अडचण नव्हती.

दुसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा ठरला आणि त्याला हत्यार लागत नाही: गाडी तापते ती कधी? बाजारात, सिग्नलला, उभ्या उभ्या तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पाण्यापेक्षा हवेचा संशय आधी घ्यावा. पंखा, त्याचा स्विच, रिले, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा असे काहीतरी त्यामागे असते. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्याने द्यावा लागतो. याच्या उलट, उभी असताना काटा ठीक आणि वेग किंवा चढ लागला की वर, असे असेल तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे पाणी पुरेसे फिरत नाही किंवा फिरलेले पाणी निवत नाही. सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा टोकाला जात असेल, तर बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट किंवा खोटा काटा, यांपैकी एक. ढोबळ हिशेबाने जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला सुमारे तिसरा हिस्सा या पाण्याला वाहून न्यावा लागतो. सपाटीला गाडी थोडेच पेट्रोल जाळते, तेव्हा अर्धा निकामी रेडिएटरही पुरतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून, कमी वेगाने चढताना जळणारे पेट्रोल वाढते आणि समोरून येणारा वारा घटतो. घाट गाडीला बिघडवत नाही. आधीच संपत आलेली शिल्लक तो मोजून दाखवतो.

आमची गाडी फक्त चढाला तापत होती. म्हणजे पंख्याची मोटर बदलण्यात गेलेले पैसे पहिल्या दिवसापासून वायाच होते.

वहीत मी एकेक संशय लिहून खोडत गेलो. चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर इंजिन तो ओढत अकारण तापते. वीस किलोमीटर चालवून चारही चाकांना बंदूक लावली, चारही सारखी निघाली. इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडले असले किंवा डिस्ट्रिब्युटरचे व्हॅक्यूम ॲडव्हान्सचे पडदे फाटले असले तरी इंजिन तापते आणि ओढ कमी होते. ते तपासून घेतले, ठीक होते. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून धूळ, किडे आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून आलेले पाचटाचे तुकडे होते. ते इंजिनाच्या बाजूने बाहेर असे पाणी मारून धुतले, कारण पुढून मारले तर कचरा आणखी आत बसतो. खालचा होज पाईप मात्र मी बराच वेळ पाहत बसलो. हा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि आतून मऊ पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढला की चपटा होतो, मग पाणी अडते. बॉनेट उघडे ठेवून पत्नीला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितले. पाईप गोलच राहिला. खोडला.

उरले दोन, आणि त्यांतला एक नुसत्या नावानेच घाबरवणारा होता: हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचे इंजिन यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा. हे फुटले की सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो, दाब वाढवतो आणि पाणी बाहेर ढकलतो. ज्याची गाडी "पाणी खाते" त्याला पहिल्यांदा कोणीही हेच सांगतो आणि मलाही दोघांनी सांगितले होते. एकाने तर ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतला पांढरट मळ दाखवला. पण रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत बाष्प साचून झाकणाखाली असा मळ होतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ असते तर गोष्ट वेगळी. पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिलो. आले नाहीत. तरीही मन मानेना, म्हणून निळ्या द्रावणाची चाचणी करून घेतली. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीत हे द्रावण असते, पाण्यावरची हवा त्यातून ओढतात, आणि तिच्यात जळका वायू असेल तर निळे पिवळे होते. आमचे निळेच राहिले. त्या निळ्या रंगाने मला जेवढा आनंद दिला तेवढा अलीकडे कशानेही दिला नाही.

मग पाणी जात कोठे होते? येथे मी अडलो, आणि येथेच अण्णांच्या डायऱ्या कामी आल्या.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. खात्याच्या जीपच्या बंपरला लटकणारी कॅन्व्हासची पिशवी आणि आतला पाण्याचा डबा हे त्यांच्या लेखी गाडीचे अवयवच. बोरघाटातून जाताना शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकायचे आणि तेवढ्या वेळात बॉनेट उघडून ठेवायचे, अशी त्या पिढीतल्या अनेक चालकांची रीत होती, आणि त्या काळच्या गाड्यांसाठी ती शहाणपणाचीच होती. त्याच शिस्तीने अण्णांनी या गाडीची पहिल्या दिवसापासून डायरी ठेवली आहे: किलोमीटर, पेट्रोल, हवा, खर्च आणि पाणी. मी १९९८पासून वाचायला बसलो. पहिली काही वर्षे पाण्याची नोंदच नाही. सर्व्हिसिंगला कूलंट बदलल्याच्या तेवढ्या ओळी. २००३च्या दुष्काळात आम्ही अंगणात बोअर घेतली. २००६ साली पहिल्यांदा "पाणी अर्धा लिटर". मग अधूनमधून. मे २००९मध्ये एक ओळ: "लोणंद रोडला गाडी गरम. थर्मोस्टॅट काढला. आता काटा एकदम खाली. छान." आणि २०१६नंतर जवळजवळ दर महिन्याला, पुढे दर आठवड्याला, त्याच वळणदार अक्षरात, "पाणी १ लिटर".

मी त्यांना विचारले, "अण्णा, हे पाणी कुठलं घालत होता तुम्ही?"

"कुठलं म्हणजे? घरचं."

घरचे म्हणजे बोअरचे. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला, गिझरच्या कॉइलला, बाथरूमच्या नळाला पांढरा थर धरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पातेले आई चिंचेने घासत असे. रेडिएटर कोणी घासला नव्हता.

यातली खरी खोच अशी की, जड पाणी एकदा भरून वर्षभर तेच राहिले असते तर फार बिघडले नसते. तीन-चार लिटर पाण्यात जेवढे क्षार असतात तेवढेच खाली बसतात आणि गोष्ट तेथे थांबते. पण जे पाणी वाफ होऊन जाते ते आपले क्षार मागे ठेवून जाते, आणि त्याच्या जागी ओतलेला प्रत्येक लिटर नवे क्षार घेऊन येतो. म्हणजे नुकसान पाणी कमी होण्याने जेवढे होत होते, त्याहून अधिक ते भरून काढण्याने होत होते. थर वाढला की पाणी नीट निवत नाही, नीट निवले नाही की जास्त वाफ जाते, जास्त वाफ गेली की अण्णा जास्त पाणी ओततात. माझ्या वहीत हे चक्र काढून पाहिले तेव्हा त्यात आमच्या घरातल्या काळजीवाहूपणाचे चित्र दिसले आणि थोडे हसूही आले.

चक्राला पहिला धक्का कोणी दिला, ते शोधायला डायरीतलीच एक गोष्ट उपयोगी पडली. पाणी नेहमी रेडिएटरमध्ये घातल्याची नोंद होती, बाजूच्या प्लॅस्टिकच्या रिझर्व टाकीत कधीच नाही. मी पाहिले तर टाकी काठोकाठ भरलेली. टाकी भरलेली दिसते म्हणून तिन्ही गॅरेजमध्ये कोणी पुढे पाहिले नव्हते, मीही नाही. वास्तविक टाकी सतत भरलेली आणि रेडिएटर सतत रिकामा, हीच तर तक्रार होती. पाणी तापून फुगले की झाकणाचा एक व्हॉल्व ते बारीक नळीतून टाकीत जाऊ देतो. इंजिन निवताना आत पोकळी होते, तेव्हा झाकणाचा दुसरा, उलट उघडणारा व्हॉल्व तेच पाणी परत ओढून घेतो. आमची बारीक नळी झाकणाजवळ क्लिपेखाली चिरलेली होती. निवताना इंजिन त्या चिरेतून पाण्याऐवजी हवा ओढत होते. आणि झाकण? त्याचे रबर दगडासारखे झाले होते आणि स्प्रिंग मी बोटाने सहज दाबू शकत होतो. गाडीतल्या सगळ्या भागांत हे जवळजवळ सर्वांत स्वस्त. म्हणूनच कोणी बदलले नसावे.

झाकण दाब धरत नाही म्हटल्यावर पसरणीचेही कोडे सुटले. फलटण समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाचगणी १३०० मीटरच्या जवळपास, तेथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण चांगले असते तर हा फरक विचारातही घ्यावा लागला नसता, कारण मधे वीस अंशांचे अंतर राखून ठेवलेले असते. आमच्याकडे ते अंतरच नव्हते. गाडी जितकी वर चढत होती तितके उकळणे खाली येऊन तिला भेटत होते.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण आपल्याकडे तो काढून टाकणे हा उपाय समजला जातो. त्याच्यात मेणाची एक कुपी असते; ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरून लवकर गरम होते. बंद अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडीचे तापणे थांबते हे खरे, पण बंद अडकलेले दार काढून फेकले तर घरातली गर्दीही कमी होते. २००९ साली अण्णांच्या मेस्त्रीने दार काढले. त्यानंतर थंडीत इंजिन तापायलाच तयार नसे, चोक लांबवर ओढून ठेवावा लागे, हीटरमधून कोमट वारा येई, डायरीत ॲव्हरेज अठरावरून पंधरावर आल्याचे आकडे एकाखाली एक आहेत आणि अण्णांनी शेजारी "पेट्रोलमध्ये भेसळ?" असे लिहून ठेवले आहे. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर आडवाटेची नळी कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न भेटताच परत फिरतो. आमच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठी हानी वेगळीच झाली. थर्मोस्टॅट नसल्यामुळे काटा सपाटीवर वर्षानुवर्षे खाली राहिला, आणि रेडिएटर आतून भरत चालला आहे हे सांगण्याची त्याची सोय गेली.

बंदुकीने रेडिएटरची जाळी ओळीने मोजली होती, तेव्हा वरच्या बाजूस ८८ अंश दाखवणारी जाळी एका कोपऱ्यात एकदम ५० अंशांच्या खाली उतरत होती. तो कोपरा थंड होता म्हणजे चांगला होता असे नाही. त्यात गरम पाणी पोहोचतच नव्हते. रेडिएटर उतरवून मी साताऱ्याला एका रॉडिंग करणाऱ्याकडे, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या आतून खरवडून साफ करणाऱ्याकडे, नेला. आमचा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्यापितळेचा; नव्या, प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेल्या रेडिएटरवर हे काम होत नाही. त्याने ज्योतीने डाक वितळवून वरची टाकी उचलली आणि मला आत बघायला सांगितले. चपट्या नळ्यांची तोंडे अडतीस. त्यांतली अकरा पांढऱ्या, चुन्यासारख्या थराने पूर्ण बुजलेली, आणि बाकीच्यांच्या कडांना किटण. तो पोलादाची पातळ पट्टी एकेका नळीतून खालपर्यंत घालत होता, ती किरकिरत जाई आणि खाली पांढरा चुरा पडे. त्याने विचारले, "बोअरचं का?" मी मान हलवली. त्याने आणखी काही विचारले नाही. मग टाकी पुन्हा डाकवली, पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरून गळती पाहिली आणि रंग मारून दिला.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी स्वयंपाकघरात तपासला. त्याच्यावर ८२ कोरलेले होते. त्याच्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर सोडला आणि गॅस मंद केला. दार उघडले की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट तळाशी पडतो, एवढीच ती युक्ती. ८३ अंशांना "टक्" असा आवाज झाला. अण्णा खुर्ची ओढून बघायला बसले होते. त्यांनी पुन्हा करून दाखवायला सांगितले. पुन्हा ८३. नंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मीही २००९ची ती ओळ त्यांना वाचून दाखवली नाही.

बाकीची कामे एका रविवारी झाली. इंजिनातले पाणी काढून, ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुणे. नवे झाकण, नवी बारीक नळी. पंखा पुन्हा स्विचवर जोडणे, म्हणजे तो गरज असेल तेव्हाच फिरेल. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, हीटर उघडा ठेवून सावकाश भरणे, म्हणजे हवेचा बुडबुडा आत अडकणार नाही. सांडलेले कूलंट मात्र लगेच पुसून घ्यावे लागते. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना यातली पहिलीच गोष्ट कळते. या सगळ्याचा खर्च मी वहीत लिहिला आहे. पहिल्या तीन भागांच्या खर्चाच्या निम्माही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, आम्ही पुन्हा पसरणीला गेलो. ऊन तेच होते. खंबाटकीत काटा निम्म्यावर राहिला. पसरणीत त्या वळणावर तो निम्म्याच्या किंचित वर गेला, तेथे थांबला, आणि थोड्या वेळाने परत आला. थर्मोस्टॅट असलेल्या गाडीचा काटा असाच वागतो आणि मला ते पंधरा वर्षांत दिसले नव्हते. पाचगणीला बाजारात गाडी उभी केली तेव्हा पुढे पंखा चालू झाल्याचा आवाज आला, मिनिटभर चालला आणि बंद पडला. अण्णांनी तो आवाज मान कलती करून शेवटपर्यंत ऐकला. हॉर्न वाजवला की काटा अजून किंचित थरथरतो. कोठेतरी एक अर्थ राहिला आहे, तो सापडेल.

पाण्याचा डबा त्यांच्या पायांशी होताच. तो घरी ठेवू या असे मी म्हणालो होतो, पण ते ऐकण्यातले नव्हते; फक्त त्यात आता डिस्टिल्ड वॉटर भरले होते. रात्री त्यांनी डायरी काढली, चष्मा पुसला आणि किलोमीटर, पेट्रोल, टोल, भजी असे सगळे लिहून झाल्यावर खाली लिहिले: "काटा निम्म्यावर. पाणी लागले नाही. तरी लक्ष ठेवणे."